तापलेलं तेल, जुनी गाडी आणि आपला सोलापूर–हैदराबाद रस्ता

आपल्या मंडळाच्या पानांवर किल्ले, शिलालेख, बारवा, मठ, दर्गे यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. या वेळचा विषय जरा वेगळा आहे: जुन्या स्पोर्ट्स कारला ऑइल कूलर बसवणं, आणि तोही मुळात होता त्यापेक्षा चांगला, सुधारित. "यात कसला आलाय इतिहास?" असं कुणी विचारेल. पण जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींत यावरून सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, कारखान्यातून निघाली तशीच गाडी राहिली पाहिजे, एक नटसुद्धा बदलायचा नाही. दुसरा म्हणतो, गाडी रस्त्यावर चालली पाहिजे, मग आपल्या उन्हात जे लागेल ते बसवा. २०२१ पासून हा वाद नुसता हौसेचा राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या नियमांत 'मूळ स्वरूप' ही अट आली, आणि गाडीची नोंदणीच त्यावर अवलंबून राहू लागली.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की ऑइल कूलरच्या बाबतीत दोन्ही तट अर्धेच बरोबर आहेत. गाड्या बनवणाऱ्यांनी स्वतःच उष्ण देशांसाठी वेगळी सोय केली होती, तेव्हा कूलर म्हणजे भेसळ असं म्हणता येत नाही. पण त्याच इतिहासात मोठा कूलर घातक ठरल्याचाही दाखला आहे. तो इतिहास आधी पाहू, मग बसवण्याची पद्धत, आणि शेवटी नियम.

रस्ता आधी

निर्णा हे बीदर जिल्ह्यातलं, चिटगुप्पा तालुक्यातलं गाव. मन्नाएखेळ्ळीच्या फाट्यावर आलं की सोलापूर–हैदराबाद रस्ता लागतो. पश्चिमेला हुमनाबाद, पुढे उमरगा, नळदुर्ग, सोलापूर. पूर्वेला झहीराबाद आणि हैदराबाद. आज हा राष्ट्रीय महामार्ग ६५ आहे, पूर्वी तो ९ क्रमांकाचा होता. १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापुरातून निघून याच वाटेने हैदराबादकडे गेली. १९५६ पर्यंत नळदुर्गपासून हैदराबादपर्यंत हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, झहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे आले. म्हणून आज एकाच रस्त्यावर तीन राज्यांच्या पाट्या दिसतात.

मोटार या भागात फार उशिरा आली असं नाही. निजामाच्या रेल्वेने १९३२ च्या जूनमध्ये सरकारी बससेवा सुरू केली, तेव्हा २७ बसगाड्या आणि १६६ माणसं होती. त्या काळच्या अल्बियन बनावटीची एक जुनी बस हैदराबादेत जपून ठेवलेली आहे. दुसऱ्या टोकाला सोलापूर. वालचंद हिराचंद यांचा जन्म तिथलाच, १८८२ चा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि पुढे फियाट ११०० तिथेच बनू लागली. तीच गाडी नंतर 'पद्मिनी' या नावाने घरोघरी माहीत झाली.

आता उन्हाचं बघा. आपलं पठार जांभ्याचं, समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंचीवरचं. रात्री गार असतात, पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीला टेकतो, आणि काळ्या डांबरावर त्याहून वर. पूर्वी या रस्त्यावर कुणी जोरात गाडी हाकू शकत नव्हतं. बैलगाड्या, खड्डे, अरुंद पूल, गावागावांतून जाणारी वाट. इंजिनाला श्वास घ्यायला वेळ मिळायचा. आता रस्ता चौपदरी झाला आहे. साठ वर्षांपूर्वीची गाडी या रस्त्यावर आणली की ती तासन् तास एकाच वेगाने, इंजिन सतत फिरतं ठेवून चालवली जाते. गाडी जुनी, ताण नवा. तेल तापण्याचा प्रश्न इथून सुरू होतो.

तेल काय काम करतं

पाणी इंजिन थंड ठेवतं आणि तेल वंगण देतं, असं आपण सरसकट समजतो. ते अर्धवट आहे. पाणी सिलिंडरच्या भिंतींपर्यंत आणि हेडपर्यंत पोचतं. पिस्टनच्या पोटाखाली, क्रँकच्या बेअरिंगमध्ये, कॅमजवळ पाणी जात नाही. तिथली उष्णता तेलच उचलतं आणि खाली चेंबरमध्ये आणून टाकतं. चेंबरला बाहेरून वारा लागतो, तेवढंच त्याचं थंड होणं.

तेल ८० ते ११० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असलं की इंजिन सुखात असतं. त्याहून फार गार राहिलं, तर इंजिनात तयार होणारी वाफ आणि न जळलेलं पेट्रोल तेलातून उडून जात नाही, आणि झाकणाखाली पिवळट चिखल साचतो. १२०-१३० च्या पुढे गेलं, तर तेल पातळ होतं, बेअरिंगमधला थर टिकत नाही, आणि तेल स्वतःच जळकं होऊ लागतं. रसायनवाल्यांचा एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे २० अंश जास्त तापलेलं तेल चौपट लवकर संपतं.

डब्यावर जो ४० किंवा २०डब्ल्यू-५० असा आकडा असतो, तो तेलाच्या दाटपणाचा. यातला ४० किंवा ५० हा आकडा १०० अंशांवर तेल किती दाट राहतं ते सांगतो. म्हणून तेल १३० अंशांवर गेलं की डब्यावर काहीही छापलेलं असो, इंजिनाला त्याहून पातळ तेल मिळत असतं. घड्याळाचा काटा हे दाखवतो. सकाळी निघताना तेलाचा दाब चांगला असतो, दुपारी धाब्यावर गाडी थांबवून इंजिन सावकाश चालू ठेवलं की काटा खाली बसतो.

ही जाळी विमानांकडून आली

तेल थंड करायला वेगळी जाळी लावावी ही गरज आधी विमानांना पडली. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला बऱ्याच विमानांची इंजिनं गोल फिरणारी होती, आणि त्यांना एरंडेल लागायचं. ते तेल इंजिनात एकदा जायचं आणि धुराबरोबर बाहेर फेकलं जायचं. परत यायचंच नाही, मग थंड करायचा प्रश्न कुठला! एरंडीचं पीक निजामाच्या राज्यात मोठं होतं, आपल्याकडे बांधावर ती आजही दिसते. 'कॅस्ट्रॉल' हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडलेलं आहे.

पुढे इंजिनं मोठी झाली. तेल परत परत फिरवायची पद्धत रुळली, आणि ते तापू लागलं. इथे आपल्या भागाचा एक धागा आहे. १९१८ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला डीएच-९ए जातीची विमानं भेट दिली. प्रत्येक विमानावर तशी अक्षरं लिहिलेली होती, आणि तुकडीच्या नावात 'हैदराबाद' आलं. दुसऱ्या महायुद्धात १५२ क्रमांकाची तुकडीही 'हैदराबाद' याच नावाने ओळखली गेली. १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईत ती स्पिटफायर विमानं उडवत होती. तेव्हा बीदरची रयत निजामाची. म्हणजे त्या विमानांच्या पैशात आपल्या शेतसाऱ्याचाही वाटा असणार.

त्या स्पिटफायरच्या पोटाकडे पाहिलं तर दोन पंखांखाली दोन वेगळ्या जाळ्या दिसतात. उजव्या पंखाखाली इंजिन थंड करणाऱ्या द्रवाचा रेडिएटर, डाव्या पंखाखाली तेलाचा कूलर. पहिल्या नमुन्यात तेलाच्या कूलरचं तोंड अर्धगोल होतं. पाचव्या नमुन्यात इंजिनाची ताकद वाढली, तेव्हा जुना कूलर पुरेना. त्या जागी मोठा, पूर्ण गोल तोंडाचा कूलर आला. जाणकार आजही फोटोतल्या त्या तोंडावरून नमुना ओळखतात. म्हणजे 'सुधारित ऑइल कूलर' ही कल्पना आजच्या हौशी लोकांची नाही. इंजिन वाढलं किंवा हवा बदलली की कूलर बदलायचा, ही कारखान्याचीच रीत होती.

मोटारीत कूलर

युद्धानंतर हीच विद्या शर्यतीच्या मोटारींत उतरली. १९५४ च्या जॅग्वार डी-टाइपमध्ये तेल चेंबरमध्ये साठवण्याऐवजी वेगळ्या टाकीत ठेवलं होतं, आणि त्याला स्वतंत्र कूलर होता. चोवीस तास सतत पळवायच्या गाडीला ते लागणारच.

त्याच वर्षीची मर्सिडीज ३००एसएल मात्र दुसराच धडा देते. तिच्यातही वेगळी टाकी, मोठा कूलर, आणि नेहमीच्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट तेल. शर्यतीत ही व्यवस्था उत्तम. पण ज्यांनी ती गाडी शहरात फिरायला घेतली, त्यांचं तेल कधी पुरतं तापायचंच नाही. इंजिन बंद करताना थोडं पेट्रोल सिलिंडरात उतरायचं, ते तेलात मिसळायचं, आणि तेल गार असल्यामुळे उडून जायचं नाही. पातळ तेलाने इंजिन झिजायचं. शेवटी मालकांनी कूलरसमोर आडोसा लावून वारा अडवला, आणि दर हजार मैलांवर तेल बदलायची शिस्त पाळली. इतकी भारी गाडी, आणि तिचा कूलर झाकावा लागला! 'मोठा तो चांगला' म्हणणाऱ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा.

फोक्सवॅगन बीटलमध्ये पाणी नाहीच. वारा आणि तेल यांवरच सगळा भार. तिचा कूलर पंख्याच्या झाकणातच बसवलेला होता. त्याच्यावरून गरम होऊन आलेला वारा पुढे एका सिलिंडरवर जायचा, आणि तोच सिलिंडर आधी खराब व्हायचा. १९७१ च्या नमुन्यापासून कंपनीने कूलर बाजूला, वेगळ्या कप्प्यात हलवला. कूलर किती मोठा आहे एवढंच पाहून चालत नाही, तो कुणाचा वारा खातो आहे हेही पाहावं लागतं, हा त्यातला अर्थ.

पोर्शे ९११ ची गोष्टही तशीच. इंजिन मागे, त्याला चिकटून एक कूलर. १९६९ च्या ९११एस ला पुढच्या उजव्या मडगार्डमध्ये दुसरा कूलर मिळाला. मधल्या काळातल्या काही नमुन्यांत तिथे जाळीऐवजी नुसती वळवलेली नळी होती. ती उन्हाळ्यात अपुरी पडते म्हणून मालक लोक नंतरच्या नमुन्याचा पंखेदार कूलर तिथे बसवतात. भाग त्याच कंपनीचा, जागा तीच, फक्त दहा-पंधरा वर्षांनंतरचा.

आपल्याला जवळची गाडी मात्र एमजीबी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ मध्ये ती सुरू झाली, १९८० मध्ये बंद पडली, आणि त्या काळात पाच लाखांहून अधिक बनल्या. तिचं इंजिन १७९८ सीसीचं, बी-सिरीज नावाच्या घराण्यातलं. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं, आणि तेच आपल्या अँबॅसडरमध्येही! उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्समधून २०१४ पर्यंत अँबॅसडर निघत होती. तेव्हा हुमनाबाद-बीदरच्या ज्या उस्तादांनी आयुष्यभर अँबॅसडरची इंजिनं खोलली, त्यांना एमजीबीचं इंजिन परकं वाटणार नाही. थोरल्या भावाच्या घरी गेल्यासारखं वाटेल.

या गाडीचा कूलरचा इतिहास आपल्या वादात थेट उपयोगी आहे. सुरुवातीला इंग्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या एमजीबीला कूलर हवा तर जादा पैसे देऊन घ्यायचा होता. परदेशी जाणाऱ्या गाड्यांना तो कारखान्यातूनच बसून यायचा. १९६४ च्या अखेरीस तीनऐवजी पाच बेअरिंगचं इंजिन आलं, आणि मग कूलर सगळ्यांनाच मिळाला. कंपनीचं माहितीपुस्तक पाण्याच्या थर्मोस्टॅटचे तीन आकडे देतं: नेहमीसाठी ८२ अंश, थंड देशांसाठी ८८, उष्ण देशांसाठी ७४. म्हणजे एकच गाडी सगळ्या हवामानात एकसारखी ठेवा, असं खुद्द बनवणाऱ्यांनी कधी म्हटलेलं नव्हतं. 'मूळ स्वरूप' म्हणताना कुठल्या देशासाठीचं मूळ, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

बसवायचा तर कसा

आता प्रत्यक्ष कामाकडे. मेहनत तशी फार नाही, दोन दिवसांचं काम. डोकं जास्त लागतं.

पहिली गोष्ट, कूलर बसवण्याआधी तेल का तापतं ते शोधा. रेडिएटरची अर्धी जाळी गाळाने बुजलेली असेल, फॅन बेल्ट सैल असेल, इग्निशनचं टायमिंग मागे पडलेलं असेल, कार्ब्युरेटर पेट्रोल कमी देत असेल, तर इंजिन तापणारच. अशा वेळी मोठा कूलर लावणं म्हणजे ताप आलेल्याला पंखा घालणं. आजार तसाच राहतो. एमजीबीच्या इंजिनात गाडी पळताना तेलाचा दाब ५० ते ८० पौंड, आणि थांबून सावकाश चालताना १० ते २५ पौंड असावा असं पुस्तक सांगतं. गरम झाल्यावर दाब फारच पडत असेल तर बेअरिंग झिजलेली असण्याचा संभव आहे. तिथे कूलर कामाचा नाही, इंजिनकामच काढावं लागेल. म्हणून आधी तेलाचं तापमान मोजायचं साधन लावा, उन्हाळ्यात हुमनाबाद ते झहीराबाद एक फेरी मारा, आकडा लिहून ठेवा. ११० च्या आत असेल तर कूलरचा विषय सोडून द्या.

दुसरी गोष्ट, थर्मोस्टॅट. सुधारित कूलर म्हणून आज जे संच मिळतात, त्यांत जाळी मोठी असते हे खरं, पण खरी सुधारणा थर्मोस्टॅटची आहे. तेल गार असताना तो त्याला कूलरकडे न पाठवता सरळ इंजिनात फिरवतो. ८० अंशांच्या आसपास आलं की वाट उघडतो. आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी चांगलाच गारठा असतो. २०डब्ल्यू-५० सारखं दाट तेल अशा वेळी काकवीसारखं वाहतं, आणि थर्मोस्टॅटशिवायच्या मोठ्या कूलरमध्ये ते तापायला फार वेळ घेतं. ३००एसएल च्या मालकांनी जो आडोसा हाताने लावला, तेच काम हा छोटासा तुकडा आपोआप करतो.

तिसरी गोष्ट, जागा. बहुतेक गाड्यांत कूलर रेडिएटरच्या पुढे बसतो. मग त्याच्यातून गरम होऊन आलेला वारा रेडिएटरला मिळतो. कूलर अवाढव्य असेल, तर तेल थंड होतं आणि पाणी तापतं. एमजीबीचा मूळ कूलर तेरा ओळींचा होता. तेवढा, किंवा फार तर दोन-तीन ओळी जास्त, आपल्या रस्त्याला पुरावा. जाळीची तोंडं वर किंवा बाजूला ठेवावीत, म्हणजे हवा अडकत नाही. बसवताना रबरी वाइसर घालावेत. घट्ट आवळलेला कूलर इंजिनाच्या थरथरीने तडकतो.

चौथी, आणि सगळ्यात जोखमीची गोष्ट म्हणजे होज पाईप. एमजीबीत इंजिन ब्लॉकच्या मागच्या बाजूने तेल निघतं, लांब पाईपने पुढे कूलरकडे जातं, आणि तिथून फिल्टरकडे परत येतं. या पाईपातून पूर्ण दाबाचं गरम तेल वाहत असतं. पाईप फुटला तर मिनिटभरात चेंबर रिकामं, आणि पुढच्या मिनिटात इंजिन जाम. म्हणून जुना रबरी पाईप धुऊन-पुसून पुन्हा लावू नका. नवा, तेलासाठीच बनवलेला घ्या. पत्र्याला कुठे घासत असेल तिथे रबराची बाही घाला. सांधा आवळताना दोन पाने वापरा, एकाने धरा, दुसऱ्याने फिरवा. नाहीतर कूलरचं तोंडच पिळवटतं.

पाचवी गोष्ट बरेच जण विसरतात. आधी कधी इंजिनाची बेअरिंग गेलेली असतील, तर त्यांचा धातूचा चुरा जुन्या कूलरच्या अरुंद नळ्यांत अडकून बसतो. कितीही रॉकेल फिरवा, तो सगळा निघत नाही. नवीन इंजिनकामानंतर जुना कूलर लावला तर तो चुरा पुन्हा नव्या बेअरिंगमध्ये जातो. या एका कारणासाठी तरी नवा कूलर घ्यावाच.

शेवटी तेल. कूलर आणि पाईप मिळून अर्धा ते एक लिटर तेल जास्त मावतं, ते मोजून घाला. मग स्पार्क प्लग काढून ठेवा आणि काटा हलेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवा. दाब आला की प्लग लावून सुरू करा. पाच मिनिटं चालवून बंद करा, प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरा, मग तेलाची पातळी पुन्हा बघा.

नियम काय म्हणतो

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात जपलेली हवी, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही.

या शब्दांचा धसका घेऊन काही जण कूलरच काढून टाकतात, आणि प्रदर्शनापुरती गाडी ढकलत नेतात. तसं करायची गरज नाही असं मला वाटतं. ज्या गाडीला कारखान्यातूनच कूलर यायचा, तिला कूलर असणं हेच मूळ स्वरूप. ज्या गाडीला नव्हता, तिथेही फिल्टरच्या जागी मधला तुकडा बसवून तेल बाहेर घेता येतं. इंजिनाला भोक पाडावं लागत नाही, सगळं चार बोल्टांवर निघतं. पण कूलर मावावा म्हणून पुढचा पत्रा कापला, ब्लॉकला नवीन आटे पाडले, तर तो मोठा बदल झाला. तिथे वाद घालायला जागा उरत नाही.

जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांचा महासंघ, फिवा, १९६६ पासून काम करतो. त्याने २०१२ मध्ये 'ट्युरिन सनद' म्हणून एक मसुदा संमत केला. इमारतींच्या जतनासाठी १९६४ ची जी व्हेनिस सनद आहे, तिचाच आदर्श समोर ठेवून तो केलेला आहे. त्यातला मुद्दा आपल्याला ओळखीचा वाटेल: बदल करावाच लागला तर तो कमीत कमी असावा, डोळ्यांत खुपू नये, परत काढता यावा, आणि त्याची नोंद राहावी. बीदरच्या जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थोपलं की आपण का हळहळतो? ते सिमेंट नंतर निघत नाही, आणि निघालं तर जुना चुना घेऊनच निघतं. मोटारीलाही तोच न्याय लावायचा.

म्हणून मंडळातल्या आणि वाचकांतल्या गाडीवाल्यांना तीन विनंत्या आहेत. मूळ कूलर, मूळ पाईप, मूळ पट्ट्या फेकू नका. तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठी बांधून ठेवा. कुठलाही पत्रा कापू नका. आणि गाडीची एक बखर लिहा. कुठल्या तारखेला काय बसवलं, का बसवलं, आधी तेल किती तापत होतं, नंतर किती, हे सगळं त्या वहीत यावं. पन्नास वर्षांनी ती गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला, आज आपल्याला एखादं जुनं दफ्तर सापडल्यावर होतो तितकाच आनंद होईल.

या भागातल्या जुन्या मिस्त्रींकडे अशी माहिती अजून पुष्कळ आहे. उन्हाळ्यात अँबॅसडर आणि फियाट या रस्त्यावर कशा हाकल्या, रेडिएटरवर ओलं पोतं कुठे टाकलं, तेल किती मैलांवर बदललं, हे कुठल्या कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं नाही. ते हात थकायच्या आत लिहून घेतलं पाहिजे. कूलर उद्याही बाजारात मिळेल. त्या माणसांच्या आठवणी मात्र दुकानात मिळणार नाहीत.